शेवंतीचा शनिवार

घोडीच्या अंगावरून एकदा खरारा फिरवला की एलियासकाका तो तबेल्याच्या दारातल्या काळ्या दगडावर आपटत. खराऱ्याच्या दातांत अडकलेली धूळ दगडावर पडे आणि तिथे बोटभर लांबीची एक राखाडी रेघ उमटे. मग पुन्हा घोडीच्या अंगावर खरारा, पुन्हा दगडावर आपटणं, पहिलीच्या शेजारी दुसरी रेघ. मी एकदा शेवटपर्यंत उभी राहून मोजल्या होत्या. सात. पहिली सर्वांत जाड, तिसरीपासून विरळ होत जाणारी, आणि सातवी उजेड कोणत्या बाजूने येतो त्यावर दिसणारी किंवा न दिसणारी.

"सातवी कशी आली, बाई?" ते मला विचारत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना स्वतःला चौथीच्या पुढचं दिसत नव्हतं.

"अगदी पुसट."

"मग झालं," असं म्हणून ते शेवंतीच्या मानेवर थाप मारत.

रोह्याच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी बदली झाली तेव्हा स्टेशनवर नऊ टांगे होते. सत्त्याण्णव साल उजाडलं तेव्हा दोन उरले होते. बाकीच्यांची गिऱ्हाइकं मिनिडोर रिक्षांनी नेली. टांग्याच्या परवान्यासाठी घोडा कामाला योग्य असल्याचा दाखला दर वर्षी मी देत असे, त्यामुळे नऊही घोडे माझ्या हाताखालून गेले होते. घोडा बरा आहे म्हणजे काय, याबद्दल नऊ मालकांची नऊ मतं होती. कुणाच्या मते खातोय म्हणजे बरा, कुणाच्या मते पळतोय म्हणजे बरा. एकजण सांगे की जोवर लाथ मारतोय तोवर काळजी नाही. एलियासकाकांच्या मते घोड्याची तब्येत त्याच्या कातडीवर वाचायची असते. माझं माप वेगळं होतं. घोड्याच्या जबड्याच्या खालच्या कडेला एक शीर असते, तिच्यावर तीन बोटं ठेवायची. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला चाळीसच्या आसपास हवी, आणि कामावरून आल्यावर दहा मिनिटांत साठच्या खाली उतरायला हवी. शेवंती दोन्ही मापांना उतरे. नऊ घोड्यांत अशी ती एकटीच होती.

एलियास अष्टमकर नदीपलीकडच्या अष्टमीत राहत. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू कुटुंबांचे घाणे शनिवारी बंद असत आणि घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा असे. घाणा गेला, टांगा आला, पण शनिवार तसाच राहिला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शेवंतीच्या अंगावरचं जुंपायचं सामान उतरे ते रविवारच्या पहिल्या गाडीलाच पुन्हा चढे. "देवाच्या हुकुमात जनावराचंबी नाव हाय," ते सांगत. "माणसानं विसावा घेतला न जनावर राबवलं, तर तो कसला शब्बाथ?"

आता अष्टमीत त्यांच्या समाजाची तीन घरं उरली होती. बायको नाओमी सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी दीना अकरा वर्षं इस्रायलमध्ये, अश्दोदला होती. वडिलांचे तिकडे यायचे कागद तिने तीन वर्षांपूर्वीच पूर्ण केले होते. डोळ्यांचं ऑपरेशन तिकडे करून घ्यायचं, तिच्याजवळ राहायचं, सगळं ठरलेलं. अडलं होतं एकाच गोष्टीवर.

"शेवंतीचं लागलं की निघतो," असं काका तीन वर्षं म्हणत होते.

मागणी नव्हती असं नाही. पण खांब गावचा एकजण आला तर काका त्याच्या घरी जाऊन बघून आले आणि नाही म्हणाले, कारण घोड्याच्या बादलीला आतून शेवाळ होतं. नागोठण्याच्या एकाचा चाबूक त्यांना आवडला नाही. "आवडला नाही म्हणजे?" मी विचारलं. "झिजला होता," ते म्हणाले.

जानेवारीतल्या एका सकाळी, दवाखान्यात नेहमीची रविवारची गर्दी असताना, मला निरोप आला की शेवंती पुलाजवळ उभी आहे आणि हलत नाही. मी गेले. ती टांग्यालाच जुंपलेली होती. मानेवरून घाम निथळत होता आणि मागचे पाय तिने खांबासारखे रोवले होते. एक पाऊल टाकायला लावलं तरी थरथरत होती. अकरा महिन्यांत अशी ही चौथी वेळ. आधीच्या तिन्ही वेळी मी पोटशूळ म्हणून औषध दिलं होतं आणि दुपारपर्यंत ती सावरली होती. चौथ्यांदाही तेच इंजेक्शन भरलं.

"पोट तर मऊ हाय, बाई," काका म्हणाले. "हात लावून बघा. न मघा मुतली ती कोऱ्या चहासारखी."

"पाणी कमी प्यायली असेल."

पोटाला नळी लावून ऐकलं तर आतड्यांचे आवाज नेहमीसारखे होते. तरी मी वहीत पोटशूळ लिहिलं. जी खूण निदानात बसत नाही ती निदानापेक्षा महत्त्वाची असते, हे मला शिकवलेलं होतं आणि मी ते दुसऱ्यांना सांगतही असे.

तिचं सामान उतरवताना काका हळूच म्हणाले, "अशी मधनंच धरणारी घोडी मी कुणाला देऊ? न तुमी तरी कसा दाखला द्याल?"

मी देऊ शकणार नव्हते. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. घोडीचं निदान झालं नाही तर तिला घर मिळणार नाही, तिला घर मिळालं नाही तर काका निघणार नाहीत, आणि डोळे तोवर थांबणार नाहीत. दीनाने पेसाखच्या सणानंतरची ऑपरेशनची तारीख घेतली होती. अशी तारीख तिने यापूर्वी दोनदा घेऊन सोडली होती.

फेब्रुवारीत अमावास्येच्या आदल्या दिवशी मला पेणला कामासाठी जायचं होतं. पेणच्या पोपटशेठनी शेवंतीला मागणी घातली होती. लग्नाच्या वरातींना घोडे पुरवणारा माणूस. काका म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, येताना गडबला उतरू, तिथे नाथा म्हणून एकजण आहे, त्यालाही बघून घ्या. गडबच्या लसीकरणाच्या वेळी मी नाथाच्या घोड्याची नाडी मोजली होती. मिठागरावरून हमरस्त्यापर्यंत मिठाच्या गोण्यांची गाडी ओढून तो घोडा नुकताच थांबला होता. दहा मिनिटांनी नाडी बावन्न. मी घड्याळ बंद पडलं की काय म्हणून पुन्हा मोजली होती.

पोपटशेठच्या तबेल्यात छताला पंखा होता. खाली फरशी, भिंतीवर आरसा. पांढरा घोडा त्या आरशासमोर उभा होता, शेपटीला मेंदी, खुरांना काळं पॉलिश.

"बसा काका, बसा मॅडम. हा बघा आपला राजा. मी जेवायच्या आधी हा जेवतो. बायको म्हणते, लग्न माझ्याशी केलंत की याच्याशी?"

काका घोड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. "लोणी," ते म्हणाले. "हात ठरत नाय."

"तुमच्या घोडीलापण असंच ठेवीन. काम काय, लग्नसराईत दोन तास बँडच्या मागे चालायचं. बाकी आराम. पावसाळ्यात तर चार महिने बाहेर काढतच नाही मी."

मी घोड्याचा पुढचा पाय उचलला. पॉलिशच्या आत, खुराच्या मधोमध रबरासारखी जी गादी असते ती काळी पडून सडली होती. वास उभ्या माणसापर्यंत आला. नाडी उभ्या घोड्याची, पंख्याखाली, अठ्ठावन्न होती.

"हे रोज साफ करायला हवं," मी म्हटलं. "आणि याला चालवायला हवा."

"चालवून काय मॅडम, उन्हानं रंग जातो."

पोपटशेठचं घोड्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. निघताना त्याने राजाच्या कपाळाला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या छातीला लावला. काकांनी ते पाहिलं नसेल, पण बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "माणूस हौशी हाय. खुराचं सांगितलंत तर ऐकेल."

गडबला नाथाचं घर हमरस्ता सोडून खाडीच्या बाजूला, मिठागराच्या बांधापाशी होतं. अंगणात त्याची आई बायजाबाई सूप घेऊन बसली होती.

"ये गो बाय, बस. ह्ये बाबा कोन?"

"एलियासकाका, रोह्याचे. घोडी द्यायची आहे त्यांना. नाथाभाऊ आहेत?"

"घोऱ्याला फिरवाला नेलाय. येल आता."

नाथा बांधावरून चालत आला, मागे लगामाला धरलेला त्याचा घोडा, काल्या. नाथा असेल चाळिशीचा. काल्याच्या अंगावर पोटापर्यंत खाडीचा चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. आयाळीत गवताच्या काड्या होत्या. काका उठून घोड्याजवळ गेले, त्यांनी हात टेकला आणि लगेच उचलला. बोटांवर चिखलाचा चुरा आला होता.

"याला आंघोळ कधी घातलीस? गेल्या शिमग्याला?"

"आज सकालीच घातली काका," नाथा म्हणाला. "चिखलाची."

बायजाबाई सुपामागे हसली.

"माश्या लय चावतात खाडीवर," नाथा सांगू लागला. "चिखल असला का डसत नाय. सुकला का झटकून टाकायचा."

"माझा दगड इथं आणला," काका मला म्हणाले, पण नाथाला ऐकू जाईल असं, "तर रेघा नाय पडणार, डोंगर पडंल."

नाथाने ते मनावर घेतलं नाही. त्याने काल्याला दावणीला बांधलं, वाकून चारही खूर उचलून बघितले, एका खुरातला खडा नखाने काढला, आणि मगच आमच्यासमोर येऊन बसला. मी काल्याची नाडी घेतली. अडतीस.

बारा वाजले होते. काकांना वेळ कळे ती शेवंतीच्या खाण्यावरून. "चंदीची वेळ झाली ना याची? तोबरा कुठाय?"

नाथाने आईकडे बघितलं. बायजाबाई म्हणाली, "आज उधाण हाय. उधाणाला चणा नाय."

"म्हणजे?"

"उधाणाला आगरात पानी घेतात, काका," नाथा म्हणाला. "मीठ वाहाचं काम नाय दोन-तीन दिस. काम नाय त्या दिशी चणा नाय."

"उपाशी ठेवता जनावराला?"

"उपाशी कनाला ठेवल?" बायजाबाईने सूप खाली ठेवलं. "पेंढा हाय, बांधाचं गवत हाय, खावं तवरं खा. पन चणा कामाचा. याच्या बापाशीचा घोरा व्हता आमचा. लय लारका. उधाणाला दोन दिस उभा क्येला न वर पायलीभर चणा चारला, का बिचारा दमलाय, खाऊ दे. तिसऱ्या दिशी गारीला जुंपला तो बांधावरच थांबला. मागचं पाय लाकराचं झालं. घाम न घाम. संध्याकालपरत आरवा झाला तो उठला नाय. तवापासून ह्या घरात उधाणाला चणा मी काढू देत नाय. नाथा चोरून देल, म्हून डबा माझ्या उशाशी."

"न उभा नाय ठेवाचा," नाथा म्हणाला. "गारी नसली तरी दोन टायम बांधावरनं चालवून आनाचा. उभा ठेवला का धरतो."

काकांनी मान हलवली, ती पटल्याची नव्हती. मी मात्र बायजाबाईच्या शब्दांशी थांबले होते. लाकडाचे पाय. घाम. दोन दिवस उभा आणि वर चणा.

परतीच्या एसटीत काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. नागोठणं गेल्यावर म्हणाले, "पोपटलाच देऊ. चण्याला कुलूप लावणाऱ्या घरात नाय देणार मी तिला."

"काका, शनिवारी शेवंतीला चंदी किती देता?"

"रोजच्याएवढीच. कमी कशाला? विसाव्याच्या दिवशी कुणी ताटातनं काढून घेतं का?"

"आणि बाहेर काढता?"

"नाय. आराम म्हणजे आराम." थोडं थांबून ते म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी वर मूठभर गूळ. नाओमी द्यायची. तिच्यामागं मीपण देतो. जरा जास्तच देतो."

मी घरी येऊन आधी दवाखान्याची वही काढली आणि मग दोन वर्षांची कॅलेंडरं. अकरा फेब्रुवारी, सव्वीस मे, वीस ऑक्टोबर, बारा जानेवारी. चारही रविवार होते. दवाखाना रविवारी सकाळी दोन तास उघडा असे आणि खेड्यांवरची निम्मी माणसं त्याच दोन तासांत येत, म्हणून काकांचा निरोप रविवारी येतो यात मला कधी काही दिसलं नव्हतं. वहीत मी तारीख लिहीत होते, वार लिहीत नव्हते.

परळच्या कॉलेजातलं जाड पुस्तक ट्रंकेत होतं. त्यात या दुखण्याला अर्धं पान दिलेलं आहे. भरपूर दाणा खाऊन एक दिवस उभं राहिलेलं जनावर दुसऱ्या दिवशी कामाला लागलं की मागच्या पुठ्ठ्यांचे स्नायू आतून फुटू लागतात. घाम येतो, मागचा भाग ताठतो, मूत्र काळपट होतं. तिकडच्या गाडीवानांचे घोडे रविवारी उभे राहत आणि सोमवारी सकाळी धरत, म्हणून पुस्तकात त्या दुखण्याचं नावच सोमवारवरून आहे. ते नाव मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला गुण मिळाले होते. रोह्यात ते रविवारी येत होतं, आणि मी ओळखलं नाही.

हे काकांना त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मला सहा दिवस लागले. औषध बदलायला सांगणं सोपं असतं. इथे मला एका माणसाला सांगायचं होतं की त्याने आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस घोडीला दिला आणि त्यानेच ती आजारी पडली. मधल्या रविवारी दवाखाना बंद केल्यावरही मी निरोपाची वाट बघत बसले. निरोप आला नाही.

बुधवारी गेले तेव्हा खरारा चालू होता. दगडावर तीन रेघा होत्या. मी सगळं सांगितलं. तारखा, वार, पुस्तकातलं अर्धं पान. खरारा थांबला होता.

"म्हणजे नाओमीच्या गुळानं?"

"गुळाने नाही. पूर्ण चंदी आणि दिवसभर एका जागी उभं राहणं, दोन्ही मिळून. दर रविवारी होत नाही, म्हणून लक्षात आलं नाही. आणि चूक माझीही आहे. चार वेळा मी पोटशूळ लिहिलं. तुम्ही पोट मऊ आहे म्हणालात, मी ऐकलं नाही."

शेवंतीने मान वळवून काकांच्या खिशाला नाक लावलं. मग ते एकदम चिडले. "बाई, माझ्या आज्याच्या घाण्याचा बैल दर शनिवारी सुटायचा. त्याच्या बापाचाबी. पन्नास-साठ वर्षं. त्यांना कधी काय झालं नाय. हुकूम काय आता माझ्या घोडीपुरता खोटा झाला?"

"त्या बैलाला शनिवारी पेंड मिळायची?"

"मिळायचीच की. घाण्याच्या बैलाला पेंडीला काय..." ते थांबले. हातातला खरारा त्यांनी दगडावर ठेवला, आपटला नाही. "नाय," ते म्हणाले. "पेंड घाण्यातनं ताजी निघायची तीच त्याच्यापुढं टाकायची. घाणा बंद तर पेंड नाय. शनिवारी आज्या त्याला सोडून द्यायचा. माळावर फिरत असायचा तो दिवसभर, गवत खात. मी लहानपणी संध्याकाळी त्याला शोधायला जायचो."

त्यांचा हात शेवंतीच्या गळ्यातल्या दोरीवर गेला.

"सोडून द्यायचा," ते पुन्हा म्हणाले. "न मी बांधून ठेवली."

त्या दिवशी चौथी रेघ पडली नाही.

त्या शनिवारी सकाळी मी पुलावरून जात होते. खाली कुंडलिका नदीच्या काठाने काका चालले होते, एक हात शेवंतीच्या मानेवर. ती पुढे आणि ते मागे असं म्हणता येईल, कारण वाट तिला दिसत होती. तिच्या अंगावर लगामही नव्हता, नुसती गळ्यात दोरी. शुक्रवारी चंदी निम्मी, शनिवारी फक्त पेंढा आणि गवत, रविवारी कामावरून आल्यावर मग चणे, असं आम्ही ठरवलं होतं. गूळ बंद करा असं मी सांगितलं नव्हतं. तो त्यांनी चिमटीएवढा केला.

मी दर रविवारी सकाळी पहिल्या गाडीच्या वेळी स्टेशनवर जाऊन तिचे पुठ्ठे दाबून बघत असे. पाच रविवार मऊ होते. पाच रविवारांनी काही सिद्ध होत नाही, कारण आधीही महिनेच्या महिने काही झालं नव्हतं. हे मी काकांना सांगितलंही. "तुमी दाखला लिवा," ते म्हणाले. "वर वारपण लिवा."

दाखल्यात मी दुखणं लिहिलं, कारण लिहिलं, आणि काय पाळायचं तेही लिहिलं. त्याची एक प्रत पोपटशेठकडे गेली. त्याचा निरोप आला की काका म्हणतील तेवढे चणे तो देईल, हवे तर बदामही देईल, पण घोडीला रोज उन्हातून चालवणं जमणार नाही. काका निरोप ऐकून हसले. दुसरी प्रत त्यांनी मला गडबला पाठवायला सांगितली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी नाथा एसटीने आला. बायजाबाईने त्याच्याबरोबर केळीच्या पानात बांधलेला सुका जवळा दिला होता. काकांनी पुडी हातात घेऊन हुंगली आणि हसून परत केली. "आये चांगली हाय तुझी. पण हा आमाला चालत नाय. खवल्यांचा मासा असता तर ठेवून घेतला असता."

"म्हातारीला सांगतंव," नाथा म्हणाला. "पुढल्या टायमाला खवल्यांची बोय देल."

नाथा तबेल्यात शिरला. काका दारातल्या स्टुलावर बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी उभी होते. शेवंती कामावरून येऊन तासच झाला होता. खरारा झालेला, सातही रेघा दगडावर होत्या. तिच्या अंगावर दुपारचा उजेड ठरत नव्हता. नाथाने त्या चकाकीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने आधी खाली पडलेली लीद पायाने फोडून बघितली. मग तिच्या कमरेच्या मागे दोन्ही तळवे टेकून दाबलं, थांबला, पुन्हा दाबलं. मग एकेक खूर.

"काय करतोय?" काकांनी मला हळूच विचारलं.

"पुठ्ठे बघितले. आता खूर बघतोय."

"दात बघायला तोंडाकडं गेला का?"

"नाही अजून."

"बरं."

नाथा बाहेर येऊन उकिडवा बसला. "घोरी मऊ हाय. डाक्टरीणबायचा कागद आयेला वाचून दावला. ती बोलली, ह्यो कागद मीच लिवलाय."

मला हसू आलं. खरं तर तिने बरोबर सांगितलं होतं.

"खरारा?" काकांनी विचारलं.

नाथाने दगडाकडे बघितलं. रेघा मोजताना त्याचे ओठ हलले. "सात नाय जमाच्या काका. खोटं कनाला बोलू. माझं मिठाचं काम. दोन काढीन. आइतवारी तीन."

"न चिखल?"

"चिखल लावाचाच. माश्या तिलाबी डसतील."

काकांच्या बोटांनी दगडावरची पहिली जाड रेघ चाचपली आणि पुसून टाकली. आतून शेवंतीचा पेंढा चावण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ते म्हणतील, बघू, पेसाख झाला की बोलू. तीन वर्षं हेच ऐकत होते मी.

नाथानेच विचारलं. "शनवारचं आयकलं मी. तुमी जुंपत नाय."

"नाय."

"आमी उधाणाला जुंपत नाय. हिची रीत शनवारची हाय तर शनवारबी नाय जुंपाची. उधाणाचंबी सुटंल न शनवारबी. काल्या बोंबलंल." तो हसला. "पन चणा नाय देनार. न बांधूनबी नाय ठेवाची. बांधावर सोरीन. खाडीपरत गवत हाय, फिरंल."

काका उठले. भिंतीला हात लावत आत गेले, शेवंतीच्या गळ्यातली दोरी दावणीवरून सोडवून तिला घेऊन बाहेर आले. दोरीचं टोक त्यांनी नाथाच्या दिशेने धरलं, थोडं चुकलं, नाथाने पुढे होऊन ते हातात घेतलं.

"घोडी तुझी, नाथा," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, माझ्या आवाजाच्या जागी बघत ते म्हणाले, "बाई, फोन लावून द्या. दीनाला सांगतो, मी येतोय."